बर्फातलं मीठ

आमच्या मैनाचं लग्न एकोणीसशे शहाण्णवच्या वैशाखात झालं आणि ती रोह्याला नांदायला गेली. मैना माझ्या धाकट्या दिराची, काळुरामची मुलगी. मला मूल नाही, नवरा लवकर गेला, तेव्हा तिला निम्मी मीच वाढवली असं म्हटलं तरी चालेल. पुढचं सगळं मी त्या लग्नापासून धरते, कारण लग्न झालं नसतं तर सगुणेने तोंड मिटून घेतलं नसतं.

सगुणा म्हणजे काळुरामची बायको, माझी धाकटी जाऊ. वडखळच्या पुढे खाडीला लागून आमचं मिठागर. काळुराम डोलवीला कंपनीत कंत्राटावर होता, त्याची शिफ्ट कधी सकाळची कधी दुपारची, त्यामुळे मिठागरावर आम्ही दोघी जावा आणि भुरी. भुरी ही आमची कुत्री. तिला कुणी आणली नाही, ती एका उन्हाळ्यात बांधावरून चालत आली आणि मिठाच्या राशीच्या सावलीत बसली ती बसलीच. रात्री राशींपाशी तीच राखणीला असायची.

त्या वर्षी दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे मी सगुणेच्या पाठीला तेल लावत होते. दरवर्षी ती माझ्या लावते, मी तिच्या. तिने एकदम माझा हात धरला आणि डाव्या छातीखाली नेऊन ठेवला. बोटाला गाठ लागली. सुपारीएवढी. मी विचारलं, दुखते का, तर म्हणाली नाही. कधीपासून, तर म्हणाली गणपतीपासून. मी म्हटलं उद्याच पेणला दवाखान्यात जाऊ. त्यावर तिने माझा हात सोडला नाही.

"मैनाला सहा महिने झालेत लग्नाला," ती म्हणाली. "तिच्या सासरी कळलं तर बोलतील, आईला हाय ते पोरीला व्हईल. तिला एक मूल होऊ दे. मग तू सांगशील तिथं येतंय."

मग तिने मला शपथ घातली. मैनाच्या गळ्याची. कुणाकडे तोंडातून शब्द काढायचा नाही, काळुरामकडे तर नाहीच. तेलाचा हात तसाच धरून शपथ घातली, आणि मी ती घेतली.

भुरीलाही गाठ होती हे आम्हाला त्यानंतर महिन्याभराने कळलं. ती उन्हात उताणी पडली होती, तिच्या मागच्या सडापाशी आवळ्याएवढं काहीतरी वर आलेलं सगुणेला दिसलं. तिने हात लावून बघितला. भुरीने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि परत टेकवली. सगुणा बराच वेळ तिथे बसून राहिली. उठली तेव्हा म्हणाली, "हिचीही डावीच बाजू, बाय." मला ती बायच म्हणायची.

मैनाच्या सासरच्या शेजारी अनिता नावाची मुलगी राहायची. ती मुंबईला गुरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती आणि सुटीला रोह्याला यायची. मैना माहेरी आली तेव्हा भुरीच्या गाठीबद्दल ऐकून गेली होती, तिने ते अनिताला सांगितलं. पौष लागायच्या सुमारास एका रविवारी अनिता मैनाबरोबर थेट मिठागरावर आली. खांद्याला पिशवी, हातात बर्फाचा डबा, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. मला वाटलं होतं डॉक्टरीणबाई म्हणजे बांधावरून हाका मारील. ही खाली उतरून भुरीच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

तिने काय चाललंय ते आम्हाला समजावून सांगितलं. कुत्र्यांच्या सडाच्या गाठी दोन तऱ्हेच्या, एक साधी, ती आयुष्यभर नुसती राहते. दुसरी वाईट, ती आत पसरते. बाहेरून दोन्ही सारख्याच लागतात. गाठ कापून काचेखाली बघितल्याशिवाय कळत नाही. पण रक्तात काही प्रोटिनं असतात, वाईट गाठ असली तर त्यांतलं एखादं वाढत असावं, असं तिला आणि तिच्या सरांना वाटत होतं. तेच ती शोधत होती. पेण-रोह्याकडच्या गाठीवाल्या आणि बिनगाठीच्या कुत्र्यांचं रक्त ती गोळा करत होती.

मी साक्षरतेच्या वर्गात नुकतीच वाचायला शिकले होते. तिथल्या तक्त्यावर प्रोटीन म्हणजे डाळ असं चित्र होतं. मी तिला विचारलं, कुत्रीच्या रक्तात डाळ कुठली? ती हसली, पण माझ्यावर नाही. म्हणाली, त्याच घराण्यातलं, मावशी. मग तिने सांगितलं की रक्त उभं ठेवलं की खाली गोठतं आणि वर पिवळं पाणी सुटतं. ते पाणी खरवसासारख्या थिजलेल्या पातळ वडीवर टाकून विजेचा प्रवाह सोडायचा, की त्यातलं एकेक प्रोटीन आपापल्या जागी जाऊन थांबतं आणि पट्टे उमटतात. हे मला लगेच समजलं. आमच्याकडे खाडीचं पाणी एका कोंडीतून दुसरीत सोडतात, पहिल्या कोंडीत चुना बसतो, पुढचीत मीठ, आणि शेवटी कडू पाणी उरतं. पाणी एकच असतं, पण प्रत्येकाची बसायची जागा वेगळी. मी हे बोलले तर अनिताने वही काढून लिहून घेतलं.

सगुणेने भुरीला मांडीत घेतलं, जुन्या लुगड्याच्या पट्टीने तिचं तोंड बांधलं आणि पुढचा पाय अनितापुढे धरला. सुई गेली तेव्हा भुरी हलली नाही. सगुणेने मात्र डोळे मिटले. रक्ताच्या दोन बाटल्या भरल्या, बोटाएवढ्या. अनिताने चिकटपट्टीचा तुकडा माझ्याकडे दिला आणि नाव लिहायला सांगितलं. मी "भुरी" लिहिलं. वर्गाबाहेर कुणी मला लिहायला सांगण्याची ती पहिलीच वेळ.

त्याच दिवशी अनिताला हमरापूरला आणखी दोन कुत्री बघायची होती. बाटल्या तासभर सावलीत उभ्या ठेवायच्या, मग बर्फाच्या डब्यात घालायच्या, आणि चार वाजता वडखळ नाक्यावर आणून द्यायच्या, असं काम तिने मला लावून दिलं. बर्फ कमी वाटला तर नाक्यावरून घालायला सांगितला.

ती गेल्यावर सगुणा मला म्हणाली, "भुरीचं काय निघतंय ते कळू दे. तिची साधी निघाली तर माझीही साधीच. वाईट निघाली तर मी तुझ्याबरोबर दवाखान्यात येतंय, मैनाचं मूल-बिल काय बघायचं नाय."

मी म्हटलं, कुत्रीचं आणि माणसाचं एक कसं असेल. ती म्हणाली, एकाच मिठागरावर दोघी राबतो, एकच पाणी पितो, एकाच बाजूला गाठ आली. मग एक कसं नाही? खरं सांगायचं तर मला ते पटलं. निदान तिने काहीतरी ठरवलं होतं. भुरीचा निकाल लवकर यावा आणि तो वाईट यावा, असं मी देवाला सांगितलं, हेही इथे लिहिते. सगुणेची गाठ तर साधी असावी, पण सगुणेने दवाखान्यात जावं, यासाठी दुसरा रस्ता मला दिसत नव्हता.

मी बाटल्या तासभर उभ्या ठेवल्या. वरचं पाणी खरंच पिवळं सुटलं, तुपासारखं. डबा उघडला तर बर्फ निम्मा झालेला. उन्ह कडक होतं. आमच्याकडे मासळी लांब पाठवायची असली की बर्फात मीठ घालतात. कुल्फीवाला साच्याभोवती घालतो तसंच. मिठाने बर्फ नुसता गार राहत नाही, दात लागणार नाहीत इतका गार होतो. हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी राशीतलं दोन ओंजळ मीठ घेतलं, चांगलं जाड, बर्फावर पसरलं आणि बाटल्या त्यात रोवल्या. इतक्या काळजीने मी स्वतःची मासळीही कधी भरली नव्हती. चार वाजता डबा अनिताच्या हातात दिला, ती एसटीत चढली.

तीन आठवड्यांनी तिचं पोस्टकार्ड आलं. माझ्यासाठी अक्षरं मोठी काढली होती. भुरीचं रक्त वाटेत बिघडलं, वरचं पाणी पिवळं हवं ते लाल निघालं, लाल पाण्याचे पट्टे वाचता येत नाहीत. बहुधा उन्हाने किंवा गाडीच्या हादऱ्याने झालं असेल, पुन्हा घ्यावं लागेल. मी ते सगुणेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं, थांबू.

मी मनात धरलं की बर्फ कमी पडला.

शिवरात्रीच्या आधी अनिता पुन्हा आली. तसंच रक्त घेतलं, तसंच मला देऊन ती दुसऱ्या गावी गेली. या खेपेला मी नाक्यावरून जास्तीचा बर्फ आणला आणि मीठ दोन ओंजळींऐवजी चार घातलं. डब्याला बाहेरून दव आलं. मला समाधान वाटलं.

दुसरं पोस्टकार्डही तेच. लाल. आता अनिताने लिहिलं होतं की तिच्या बाकीच्या गावांचं रक्त नीट येतं, फक्त भुरीचंच असं होतं, तेव्हा भुरीच्या रक्तातच काही असेल का असा तिला प्रश्न पडलाय. मी हे वाचलं तेव्हा सगुणा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे वाईट?" तिने विचारलं.

मी म्हटलं तसं लिहिलेलं नाही, कळत नाही असं लिहिलंय. मग तिने परत सुपात हात घातला. तोवर तिची सुपारी लिंबाएवढी झाली होती. मला ती दाखवायची नाही, पण ओलं लुगडं पिळताना दिसायचं. मी दवाखान्याचं नाव काढलं की ती शपथेची आठवण द्यायची, आणि भुरीची. फाल्गुनात मैनाला दिवस गेल्याचं कळलं. त्यानंतर तर तिने मला बोलूच दिलं नाही.

पाडवा झाल्यावर अनिता तिसऱ्यांदा आली. या वेळी ती कुठे गेली नाही. म्हणाली, मावशी, आज मी इथेच बसते, काय होतं ते बघते. तासभर आम्ही तिघी बाटल्यांकडे बघत बसलो. पिवळं पाणी सुटलं. मग मी नेहमीसारखी उठले, डब्यात बर्फ घातला आणि राशीकडे जाऊन ओंजळ भरून आणली.

अनिता म्हणाली, "ते काय घालताय?"

"मीठ," मी म्हटलं. "नायतर बर्फ टिकंल कसा?"

ती उठली आणि माझ्या ओंजळीखाली आपले हात धरले. रागावली नाही. मीठ हळूच राशीवर सोडायला लावलं. मग तिने सांगितलं. नुसता बर्फ रक्ताला गार ठेवतो. मीठ घातलेल्या बर्फात रक्त गोठून दगड होतं, आणि दगड विरघळतो तेव्हा त्यातले लाल कण फुटलेले असतात. तेच लाल पाणी. मग म्हणाली की चूक तिचीच, बर्फ घाला म्हणून सांगितलं, मीठ घालू नका म्हणून सांगायचं तिच्या डोक्यात आलं नाही. रोह्याकडे भातशेतीची माणसं, तिथे कुणी बर्फात मीठ घातलं नव्हतं.

सगुणा भुरीच्या तोंडाची पट्टी सोडत होती. तिने हे सगळं ऐकलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी बोटांवर मोजत होते. पौष, माघ, फाल्गुन.

त्या दिवशी बाटल्या नुसत्या बर्फात गेल्या. मेच्या मध्याला पोस्टकार्ड आलं. मी ओटीवर उभी राहूनच मोठ्याने वाचायला घेतलं: भुरीचे पट्टे धडधाकट कुत्र्यांसारखेच आहेत, वाढलेलं काही दिसत नाही. एवढं ऐकलं आणि सगुणा उठली. देवापुढे गूळ ठेवला, अर्धा मोडून भुरीला दिला. इतक्या महिन्यांत मी तिला अशी चालताना बघितली नव्हती. खाली आणखी दोन ओळी होत्या, त्या मी मनातच वाचल्या. हा निकाल पक्का धरू नये, माझी तपासणी अजून सिद्ध व्हायची आहे, गाठ काढून बघितली तरच खरं. मी तिला परत हाक मारायला हवी होती. मारली नाही. तिच्या हातात गूळ होता.

आठवड्याने तिच्या पाठीला साबण लावताना मी गाठ बघितली. वरची कातडी भाजलेल्या वांग्यासारखी सुरकुतली होती आणि बोंड आत ओढलं गेलं होतं. काखेतही काहीतरी हाताला लागलं. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "भुरीला नाय ना काय, मग मलाही नाय."

तोंडातून शब्द काढायचा नाही, ही शपथ होती, आणि पोटातल्या मुलासकट मैनाचा गळा त्यात अडकला होता. शपथ मोडायची मला खरोखर भीती वाटत होती. याला कुणी अडाणीपणा म्हणो. तीन-चार दिवस मी हाच विचार केला, आणि मग लक्षात आलं की सगुणेने शपथ घातली ती तोंडाची. तिला लिहिता येत नव्हतं, लिहिण्याची शपथ घालायचं तिला सुचलंच नसतं.

मेच्या शेवटच्या रविवारी अनिता भुरीचं रक्त पुन्हा एकदा घ्यायला आली, खात्री करायला म्हणून. पाऊस तोंडावर होता, तिला घाई होती, ती हमरापूरला गेली आणि डबा माझ्याकडे राहिला. मी भुरीच्या बाटल्या नुसत्या बर्फात ठेवल्या. ती जायच्या आधी तिच्या पिशवीतून एक रिकामी बाटली काढून ठेवली होती, तिला चिकटपट्टी लावली आणि लिहिलं: सगुणा. डावी छाती. गणपतीपासून. जागा कमी होती, शेवटची अक्षरं वळून मागे गेली. ती बाटली मी भुरीच्या दोन बाटल्यांच्या मध्ये रोवली. नाक्यावर डबा दिला आणि मागे न बघता निघाले.

मिठाचा प्रकार झाल्यापासून अनिता डबा हातात आला की उघडून बघायची. एसटी सुटायच्या आधी तिने तो उघडला. मी बांधावर अर्ध्या वाटेत होते तेव्हा मागून हाक आली. ती डबा छातीशी धरून धावत येत होती.

ती थेट घरी येऊन सगुणेपुढे बसली, पहिल्या दिवशी भुरीपुढे बसली होती तशी. ती बाटली तिने जमिनीवर ठेवली. सगुणेला वाचता येत नव्हतं, पण ती माझ्याकडे बघून समजली.

"मी बोलले नाय," मी म्हटलं.

सगुणा म्हणाली, "तू शिकलीस तेव्हाच मला वाटलं व्हतं, ही काहीतरी घोळ घालणार." आणि हसली. हसतानाच तिचं तोंड वाकडं झालं.

अनिता बोलली ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं. "मावशी, माझं काम कुत्र्यांचं आहे, आणि तेही अजून कच्चं आहे. भुरीच्या रक्तावरून मी भुरीचंच खात्रीने सांगू शकत नाही. तुमचं कसं सांगू? मला ठाऊक असतं की तुम्ही तिच्या निकालाकडे बघताय, तर मी ते कार्ड टाकलंच नसतं." ती रडत होती. शिकलेली मुलगी, पण आमच्याइतकीच घाबरली होती.

काळुरामला त्याच संध्याकाळी सगुणेनेच सांगितलं. तो शिफ्टवरून आला होता, जेवणाचा डबा हातात तसाच. तो कुणावर ओरडला नाही. भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "घरात मी एकटाच आंधळा व्हतो काय?" दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबईला मोठ्या इस्पितळात गेलो, अनिता बरोबर होती. तिथे सुईने पाणी काढलं, तुकडा काढला. बाटलीवर नाव घालायला नर्स विसरली, तेव्हा मी पेन मागून घेतलं. सगुणा काळुराम. आठ दिवसांनी निकाल आला. वाईट. काखेतही पोचलेली. डॉक्टरांनी विचारलं कधीपासून, मी सांगितलं. त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. दिवाळीच्या सुमाराला आणली असती तर, एवढंच म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली. औषधाने केस गेले. कार्तिकात मैनाला मुलगी झाली, ती सगुणेने मांडीवर घेतली. मैनाच्या सासरचे लोक भेटायला आले, त्यांतल्या एकानेही वाकडा शब्द काढला नाही. मैनाची सासू तर आठ दिवस राहून आमच्या चुलीवर स्वयंपाक करून गेली. ज्यांच्या भीतीने एवढं लपवलं, ती माणसं अशी निघाली.

माघात एका दुपारी सगुणा ओटीवर पडलेली होती, भुरी खाली पायरीशी. मी तिला मिठाचं सांगायला घेतलं. म्हटलं, पहिल्याच वेळी रक्त नीट गेलं असतं तर भुरीचा निकाल जानेवारीत आला असता, तुझा साधी म्हणून गैरसमज तेव्हाच झाला असता, आणि मीही तेव्हाच घाबरून लिहिलं असतं. किंवा अनिताला तेव्हाच काही कळलं असतं. माझ्या मिठाने तुझे चार महिने खाल्ले. मी किती दिवस हे मनात जुळवत होते, तरी बोलताना ते नीट जुळेना.

सगुणेने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते चार महिने मी आजारी नव्हते, बाय. मी नुसती वाट बघत व्हते. तेवढं तरी बरं गेलं."

मला यातून सुटका मिळाली असं कुणाला वाटेल. मिळाली नाही. ती माझं मन राखायला बोलली, हे मला तेव्हाही कळत होतं.

अनिताचं काम पुढे पूर्ण झालं असं मैनाकडून कळलं. भुरीचे पट्टे तिने शेवटी धरले की नाही, ते मी विचारलं नाही. आता मिठागरावर मी एकटीच जाते. भुरी म्हातारी झाली, तिची गाठ आवळ्याएवढी होती ती आजही तेवढीच आहे. मासळीला बर्फ लागला तर मी नुसता घालते. लोक म्हणतात, मीठ टाक की, हौसा, मिठागरावर राहून मिठाची कंजुषी कसली. मी टाकत नाही.

सगुणा एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या मार्च महिन्याच्या चौदा तारखेला, शनिवारी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच वारली. तिचं वय बेचाळीस होतं.